खांबावर चढण्याआधीची पाच बोटं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात दोन गोष्टी वाचल्या. पुरवणीत पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण वाचकाचं पत्र होतं. वय एकोणतीस, पगार चांगला, स्वतःचं घर झालेलं. पण 'उद्यापासून मी कामावर गेलो नाही तर कुणाचं काय अडेल हे मला सांगता येत नाही,' असं त्यानं लिहिलं होतं. त्याच अंकात आतल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, चार ओळींची बातमी होती. शेतातल्या खांबावर दुरुस्ती करताना विजेचा धक्का बसून तेवीस वर्षांच्या तरुणाचा मृत्यू. बातमीत त्याला 'खासगी वायरमन' म्हटलं होतं. आमच्या भागात अशा पोरांना 'झिरो वायरमन' म्हणतात.

दोन्ही कात्रणं मी कापून ठेवली. पुण्याच्या मुलाला उत्तर लिहायला बसलो आणि खांबावरच्या मुलाबद्दलच लिहीत गेलो. पत्र लांबलं आहे, क्षमा असावी. कापायचं झालं तर माझ्याबद्दलचं कापा, शेवटचा भाग तेवढा कापू नका.

मी सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा शिक्षक होतो, व्यवसाय तारतंत्री, म्हणजे वायरमन. १९८४ साली लागलो आणि अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर २०१६ मध्ये निवृत्त झालो. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये खलाशी होते. हातानं काम करणाऱ्याच्या घरातला असल्यामुळे पान्हा-पक्कड परकी नव्हती. आयटीआयचे सरकारी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना माहीत आहे की तिथं व्यवसायांची नावं मराठीत आहेत: जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री. पोरं फिटर, टर्नर, वेल्डरच म्हणतात. मला मात्र 'संधाता' हा शब्द अजून ऐकावासा वाटतो. जो सांधतो तो संधाता.

नोकरीची पहिली सात वर्षं माझीही अवस्था त्या पुण्याच्या मुलासारखीच होती. साखर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम केलेलं, मोठ्या मोटारी आणि पॅनल बघितलेले. त्यानंतर रोज त्याच वर्गात तारांचे तेच जॉइंट शिकवायचे: पिगटेल, मॅरिड, टी, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. जिन्याची वायरिंग, गोदामाची वायरिंग. जून-जुलैत नवी वीसेक पोरं यायची, दोन वर्षांनी जायची. खरं काम बाहेर चाललंय आणि आपण त्याची नक्कल करून दाखवतोय, असं वाटायचं. ज्याला काम जमत नाही तो शिकवतो, असं आमच्या एका नातेवाइकानं लग्नात चारचौघांत म्हटलं होतं. ते मला बरेच दिवस लागून राहिलं, कारण मनातून मलाही ते खरं वाटत होतं.

१९९१ च्या पावसाळ्यात आमच्याकडून आदल्या वर्षी पास होऊन गेलेला एक मुलगा ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर शॉक लागून गेला. पंढरपूर तालुक्यातलं गाव, ठेकेदाराकडं रोजंदारीवर होता. त्याचा वेस्टर्न युनियन जॉइंट मी पुढच्या तुकडीला दाखवायला कपाटात ठेवलेला होता, इतका त्याचा हात चांगला.

झालं असं. डीपीजवळचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळचा एबी स्विच त्यानं खाली ओढला. लाइन तोडायचा हा खांबावरचा स्विच. हँडल पूर्ण खाली आलं. पण या स्विचला तीन फेजची तीन ब्लेड असतात आणि ती वर, खांबाच्या माथ्याशी असतात. गंज धरलेली असली तर हँडल खाली येतं, दोन ब्लेड उघडतात आणि तिसरं अडकून राहतं. त्या दिवशी तिसरं अडकलं होतं. पाऊस होता, संध्याकाळ होती. वर मान करून तीन ब्लेड मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यानं घेतला नाही.

मी भेटायला गेलो. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. ते रडत नव्हते. आत जाऊन त्यांनी मुलाची वही आणली आणि माझ्या हातात दिली. "सर, तुमी शिकवलेलं समदं लिवून ठिवलंय बगा त्यानं." पहिल्याच पानावर 'सुरक्षेचे नियम' हे शीर्षक, खाली दोन रेघा, मग एकापाठोपाठ एक अठरा नियम, वळणदार अक्षरात. त्यात चौथा नियम होता: 'काम सुरू करण्यापूर्वी वाहिनी मृत असल्याची खात्री करावी.' आणि पानाच्या शेवटी लाल शाईत माझी सही आणि बरोबरची खूण.

त्या लाल खुणेबद्दल मी आजवर फार थोड्या लोकांशी बोललो आहे. मी काय तपासलं होतं? त्यानं नियम बरोबर उतरवून घेतले का, एवढंच. आम्हा निदेशकांना शिकवायचं कसं हे शिकायला मुंबईला चुनाभट्टीच्या प्रशिक्षण संस्थेत वर्षभर पाठवत. तिथं धड्याच्या चार पायऱ्या घोकून घेतात: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. जॉइंट शिकवताना मी चारही पायऱ्या पाळायचो. जॉइंट ओढून बघायचो, वेढे मोजायचो, ढिला असला तर तोडून पुन्हा करायला लावायचो. सुरक्षेचा धडा मात्र पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून द्यायचा आणि वही तपासायची. तिसरी आणि चौथी पायरी नाहीच. जे चुकलं तर फक्त जॉइंट ढिला राहतो ते मी हातात बसवलं होतं, आणि जे चुकलं तर माणूस मरतो ते वहीत बसवलं होतं.

पुढं काय करायचं ते लगेच सुचलं असं नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम बघायला गेलो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. परदेशातून डॉक्टरेट घेतलेला, मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून आलेला माणूस खेड्यातल्या, शाळा सुटलेल्या पोरांना सुतारकाम, वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन असं सगळं कामातून शिकवत होता. त्यांची पद्धत अशी की पोरांनी गावातल्या लोकांची खरी कामं करायची आणि ती करता करता शिकायचं. ज्याचं काम केलं तो घरमालकच परीक्षक. मी दोन दिवस नुसता बघत राहिलो. परत येताना एसटीत कागदावर एक आकृती काढली.

ती आकृती म्हणजे आमच्या वर्कशॉपमधली नकली डीपी. भंगारातून एक जुना एबी स्विच आणला, पाच मीटरचा लोखंडी खांब उभा केला, क्रॉस आर्म, पिन इन्सुलेटर, तीन तारा. त्यात वीज सोडली ती फक्त २४ व्होल्ट, घंटेचा ट्रान्सफॉर्मर लावून. आणि एका ब्लेडला बाहेरून दिसणार नाही अशी तार जोडून ते मला हवं तेव्हा 'अडकवता' येईल अशी सोय केली. पोरगा स्विच ओढून वर चढला, तपासणी न करता तारेला त्याची पक्कड लागली, की खाली जोरात घंटा वाजायची. घंटा वाजली की खाली उतरायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. रोज सकाळची पहिली दहा मिनिटं हेच. कोणत्या दिवशी ब्लेड अडकवलंय हे मी सांगायचो नाही.

पहिल्या महिन्यात रोज सात-आठ वेळा घंटा वाजायची. पुढच्या दिवाळीपर्यंत एखाद-दुसऱ्यांदा. दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरांच्या वेळी ती महिनोन्महिने वाजत नसे, आणि माझी भीती अशी की सवय मोडेल, म्हणून मी ब्लेड जास्त वेळा अडकवायला लागलो. एका मुलाला नियम पाठच व्हायचे नाहीत. लेखी परीक्षेत तो दोनदा नापास झाला. पण दोन वर्षांत त्याची घंटा मी एकदाही ऐकली नाही. चढण्याआधी तो प्रत्येक वेळी थांबायचा, मान वर करायचा आणि ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन मोजायचा. त्याला बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की मी करतोय ते कशाची नक्कल नाही. खरं काम इथंच, या खांबाखाली चाललंय.

अठरा नियमांची मी पाच बोटं केली ती याच मुलासाठी. नंतर सगळ्यांनीच तीच धरली. ती पाच बोटं शेवटी लिहिली आहेत.

आता टेंभुर्णीच्या स्टँडची गोष्ट सांगतो, कारण त्या पुण्याच्या मुलाला मला हीच सांगायची आहे. साल २००९. मी सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. एक तिशीतला माणूस पुढं आला, पाया पडला. चेहरा ओळखीचा, नाव आठवेना. त्यानं नाव सांगितलं नाही. उजवा हात पुढं केला आणि अंगठा दाखवला. म्हणाला, "सर, अंगठ्यानं वाचवलं."

इंदापूरच्या बाजूला लाइनवर काम होतं. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाइन बंद, कामाचं परमिट घेतलेलं, तिन्ही ब्लेड उघडी, मोजलेली. डिटेक्टरनं तपासलं, तार मेलेली. सोबतचा म्हणाला, सगळं बघितलंय, आता अर्थिंगला वेळ कशाला घालवतोस. यानं तरी तारेतली वीज जमिनीत उतरवणाऱ्या डिस्चार्ज रॉडचं एक टोक जमिनीत ठोकून घेतलं आणि तारा अर्थ करून मग काम सुरू केलं. दहा मिनिटांनी रॉडच्या आकड्यापाशी कडाड आवाज झाला आणि ठिणगी उडाली. याचा हात तेव्हा त्याच तारेवर होता. त्याला काही झालं नाही.

घडलं ते असं: जवळच्या वस्तीवर लग्न होतं. तपासणीनंतर मंडपवाल्यानं जनरेटर सुरू केला आणि घराची मेन बंद न करता बोर्डात जोडला. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो, हे गावात कुणी लक्षात घेत नाही. ११ केव्हीचं ४१५ व्होल्ट तो करतो, तसंच खालून ४१५ दिलं की वर ११ केव्ही उभे करतो. बंद लाइन मंडपातल्या जनरेटरनं जिवंत केली. ती वीज माणसातून जायच्या ऐवजी रॉडमधून जमिनीत गेली आणि जनरेटर बसला.

तो बोलत होता तोवर माझी गाडी आली आणि गेली. त्याला दोन मुली आहेत, धाकटी बालवाडीत, हे त्यानं मोबाइलवर फोटो काढून दाखवलं. घरी आलो ते दुसऱ्या गाडीनं. बायकोला सांगायला गेलो तर शब्द फुटेना, डोळ्यांत पाणी. ती घाबरली, कुणी गेलं का म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, गेलं नाही, आहे. त्या रात्री १९९१ मधली ती वही मी पुन्हा आठवली. ती गोष्ट फिटली असं मी म्हणणार नाही, ती फिटणारी नाही. पण बाकीच्या आयुष्यात करायचं काय, हा प्रश्न त्यानंतर मला पडला नाही.

निवृत्तीनंतर झिरो वायरमनचा विषय हातात घेतला. शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं उजनीच्या पाण्यावर ऊस आहे, म्हणजे मोटारी आहेत. शेतीची लाइट ठरलेल्या तासांची, बऱ्याचदा रात्रीची. लाइट आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, सुरुवातीचा करंट कितीतरी पट असतो, आणि डीपीवरचा फ्यूज उडतो. लाइनमनकडं पाच-सहा गावं असतात. रात्री दोन वाजता तो कुठून येणार? उसाला पाणी आज नाही मिळालं तर पाळी आठवड्यानं. मग गावातल्या एका पोराला उठवतात. त्याचं शिक्षण कुठं दहावी, कुठं बारावी नापास. कुणाच्या तरी हाताखाली दोन-चार वर्षं वायरी ओढलेल्या. जेवढ्या मोटारी त्या डीपीवर, तेवढ्यांची वीस-तीस रुपये वर्गणी, हा त्याचा मेहनताना. पक्कड, टेस्टर आणि पायात स्लीपर. त्याच्या नावाची नोंद कुठल्याच कागदावर नाही, म्हणून झिरो.

मला दोन्ही बाजूंनी बोल लागतात. काही जाणते लोक म्हणतात, या पोरांना शिकवणं म्हणजे बेकायदा कामाला उत्तेजन देणं. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. परवाना नसताना खांबावर चढू नये. माझ्या वर्गाचं पहिलं वाक्य 'चढू नका' हेच असतं, आणि ११ केव्हीला कुणीही कधीही हात लावायचा नाही ही माझी अट आहे. पण वर्ग संपल्यावर त्यातला प्रत्येक जण रात्री चढणार आहे, हे मला माहीत आहे. चाळीस शेतकरी डीपीखाली बॅटऱ्या घेऊन उभे असतात तेव्हा तेवीस वर्षांच्या पोराला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून मी 'चढू नका' सांगतो आणि पुढं चढायचं कसं ते शिकवतो. यात विसंगती आहे. तिच्यापायी पोरगं मरण्यापेक्षा ती माझ्या अंगावर घेतलेली बरी.

वर्ग रविवारी सकाळी, माझ्या घरामागच्या पडक्या गोठ्यात. तो जुना खांब आयटीआयमधून निर्लेखित झाला तेव्हा भंगाराच्या लिलावात मी विकत घेतला, घंटेसकट. फी नाही. अट एकच, पुढच्या वेळी येताना शेजारच्या गावातला एक जण सोबत आणायचा. उपळाई, रिधोरे, दारफळ, मोडनिंबकडची पोरं येतात.

काय शिकवतो? फार मोठं काही नाही. टेस्टर आधी जिवंत तारेवर लावून तो चालतोय का बघायचं, मग बंद तारेवर, मग पुन्हा जिवंत तारेवर. दोन फेजमध्ये तपासायला एक बल्ब लावायचा नाही, तो तोंडावर फुटतो. दोन बल्ब सिरीजमध्ये घ्यायचे. रबरी हातमोजा घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत जायचं, आत हवा कोंडून फुग्यासारखा फुगला तर चांगला, बसला तर कुठंतरी भोक आहे. डीपीचा एक फ्यूज उडाला म्हणून ती फेज मेली असं धरायचं नाही, मोटारीच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून फिरून तिच्यात वीज येते. घराची अर्थिंग प्लेट घातली तेव्हा कोळसा-मीठ घातलं होतं म्हणून काम संपत नाही, एप्रिल-मे महिन्यात तिथं बादलीभर पाणी ओतायचं. आणि धक्का बसलेल्या माणसाला सोडवल्यावर काय करायचं. मी स्वतः शिकलो तेव्हा माणसाला पालथं घालून पाठ दाबायची शेफर पद्धत होती, तीच मी बरीच वर्षं शिकवली. आता छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायचं. पोत्यात भुसा भरून केलेल्या बाहुल्यावर पोरं ते घाम निघेपर्यंत करतात. दमल्यावर दुसऱ्यानं घ्यायचं, पण मध्ये थांबायचं नाही.

आमच्या तारतंत्री व्यवसायात आलेली पहिली मुलगी आता एका उपकेंद्रात यंत्रचालक आहे. ड्यूटी नसेल त्या रविवारी ती येते. तिचा तास माझ्यापेक्षा जास्त उपयोगाचा, कारण ती तारेच्या दुसऱ्या टोकाला बसते. ती पोरांना सांगते: "तुम्ही फोनवर 'बंद केलं का' विचारता आणि मी 'हो' म्हणते. पण कुठला फीडर ते तुम्हीही बोलला नाहीत, मीही नाही. त्याच वेळी दुसऱ्या गावाचा फोन येतो, चालू करा म्हणून." मग ती दोन पोरांना उभं करून, एकाला उपकेंद्र आणि एकाला खांब करून, सगळं बोलून घेते: फीडरचं नाव, माणसाचं नाव, वेळ, आणि समोरच्यानं ते पुन्हा म्हणून दाखवायचं. काम झाल्यावर ज्यानं बंद करायला सांगितलं त्यानंच चालू करायला सांगायचं, दुसऱ्या कुणी नाही. तिच्या वहीत मी कधी कुठली खूण केली होती ते मला आठवत नाही. ती शिकवत असताना मी गोठ्याच्या दाराशी उभा राहतो आणि माझं शिकवणं माझ्या पुढं चाललेलं बघतो. ज्यानं हे अनुभवलं नाही त्याला समजावून सांगणं अवघड आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही ठरवून घेतली आहे. रात्री काम निघालं तर अंगठा झाल्यावर, म्हणजे अर्थिंग लागल्यावर, मला एक मिस्ड कॉल द्यायचा. उतरून अर्थिंग काढून झालं की दुसरा. बोलायची गरज नाही. पहिला वाजला की मी उठून बसतो. दुसरा येईपर्यंत कधी दहा मिनिटं जातात, कधी अर्धा तास. बायको म्हणते, या वयात झोपमोड कशाला. पण तीही जागीच असते. एकदा दुसरा कॉल सव्वा तास आला नाही. मी कपडे करून निघालोच होतो, तेवढ्यात वाजला. पोराच्या फोनची बॅटरी संपली होती, तो घरी जाऊन चार्जिंगला लावून मग मिस्ड कॉल देत होता, रात्री साडेतीनला, कारण सर जागे असतील हे त्याला माहीत होतं.

पुण्याच्या मुलाला मी एवढंच विचारेन, बाळा, तुझ्या ऑफिसात सगळ्यात नवा कोण आहे? त्याला काय येत नाही, जे तुला येतं? मला संगणकातलं काही कळत नाही. पण मी सात वर्षं वीस पोरांसमोर उभा होतो आणि मला त्यांच्यातला एकही दिसत नव्हता, कारण माझं लक्ष स्वतःच्या वाया चाललेल्या कौशल्याकडं होतं. तुझ्या शेजारी बसून कुणीतरी एखादी गोष्ट पहिल्यांदा बरोबर करेल, तेव्हा त्याचे हात बघ. आठ दिवसांनी तोच ती तिसऱ्याला दाखवत असेल, तेव्हाही बघ. मग मला पत्र लिही. मी उत्तर देईन.

एक खुलासा करायला हवा. आयटीआयमध्ये आज कितीतरी निदेशक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या पैशावर शिकवतात. सुट्टी आली की पैसे नाहीत. माझ्या या पत्राचा अर्थ 'शिकवण्यात समाधान आहे, मग पगार कशाला' असा कुणी लावू नये. मला महिन्याच्या महिन्याला पगार होता, आज निवृत्तिवेतन आहे, म्हणूनच रविवारी गोठ्यात फुकट उभं राहता येतं. ज्याला घरभाडं कसं द्यायचं याची चिंता आहे त्याच्याकडून शांतपणे ब्लेड मोजायला शिकवण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आता आपल्याकडं विनंती. अशा बातम्या चार ओळींच्याच असणार, त्याला माझी हरकत नाही. पण पुढची बातमी येईल तेव्हा तिच्याखाली एक छोटी चौकट छापा. मजकूर हा:

करंगळी: बंद करा. कुठला फीडर ते नाव घेऊन विचारा, आणि जवळपास जनरेटर, इन्व्हर्टर आहे का बघा.
अनामिका: डोळ्यांनी बघा. तिन्ही ब्लेड उघडी दिसली पाहिजेत. एक, दोन, तीन मोजा.
मधलं बोट: हँडलला कुलूप आणि पाटी लावा. किल्ली स्वतःच्या खिशात.
तर्जनी: तपासा. जिवंत तारेवर, बंद तारेवर, पुन्हा जिवंत तारेवर.
अंगठा: अर्थिंग लावा. काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना.

छापताना अंगठ्याचा क्रम चुकू देऊ नका, हात जोडून सांगतो. लावताना आधी जमिनीचं टोक, मग तारेचं. काढताना आधी तारेचं, मग जमिनीचं. उलटं छापलं गेलं तर वाचणारा तसंच करेल. प्रूफ मला पाठवलंत तर मी त्याच दिवशी तपासून परत देईन.

आपला,
एक सेवानिवृत्त शिल्प निदेशक (तारतंत्री)
ता. माढा, जि. सोलापूर